नातवाच्या नावाचा महाप्रसाद

कीर्तनाला रंग चढला की वैजिनाथ आप्पांना राहवत नसे, हे घाटनांदुरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभे राहत. बुवांनी दृष्टांत धरला की त्याचं पुढचं वाक्य यांच्या ओठांवर आधीच आलेलं असे. बुवा रडवायला लागले की आप्पा उपरण्यानं उघड उघड डोळे पुसत. दुकानाच्या गल्ल्यावर एवढा कोरडा बसणारा माणूस मांडवात कसा पाघळतो, याचं बायकांना हसू येई, आणि कौतुकही.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ते जरा जास्तच पाघळले.

त्या दिवशीचे बुवा गोड गळ्याचे होते. देव कुणाच्या दारी येतो तेव्हा वर्दी देत नाही, ज्याचं दार उघडं असेल त्याच्याकडे शिरतो, एवढंच त्यांनी तासभर आळवलं. शेवटचा गजर झाला, दिवे उजळले, आणि उद्याच्या महाप्रसादाचं सांगायची वेळ आली.

"उद्याचा महाप्रसाद आपल्या वैजिनाथ आप्पांकडून," बुवा म्हणाले. "कुणाच्या नावानं घ्यायचा, आप्पा? वडलांच्या?"

आप्पा टाळ गळ्यात अडकवून पुढं सरकले. बुवांनी माईक त्यांच्यापुढं केला.

"न्हाई महाराज. होनाऱ्या नातवाच्या नावानं!"

मांडवात हसू पसरलं. बुवा गमत्ये होते. "नातू का नात, ते तर अजून महादेवालाच ठाऊक!"

"आमाला बी ठाऊक झालंय महाराज," आप्पा म्हणाले. आनंदानं त्यांचा आवाज फुटत होता. "पक्कं हाय."

चार खांबांवरच्या चार भोंग्यांनी ते चारी वाटांना नेलं.

बुवा हात जोडून "महादेवाची कृपा" म्हणाले आणि आरतीला लागले. पण पुरुषांत कुणीतरी खाकरलं होतं. बायकांच्या बाजूला तर एकेक मान वळत गेली आणि सगळ्या माना जिथं थांबल्या तिथं शिवांजली बसली होती. आप्पांची सून. आठवा लागलेला. सहा वर्षांनी दिवस राहिलेले. आणि गावातल्या उपकेंद्राची सिस्टर, जी दर मंगळवारी याच बायकांना बाकावर बसवून सांगायची की मुलगा का मुलगी हे विचारायचं नाही, बघायचं नाही, बघणारा आणि बघून घेणारा दोघंही तुरुंगात जातात.

शेजारी तिची नणंद महानंदा होती, दोन्ही पोरी मांडीशी घेऊन बसलेली. शिवांजली पुढ्यातल्या सतरंजीकडे बघत राहिली. आरतीचं ताट फिरत आलं तेव्हा ज्योतीवरून हात फिरवायचंही तिला सुचलं नाही. महानंदानंच आपला हात फिरवून तिच्या डोक्याला लावला.



*

सकाळी जगदेवीबाईंच्या चुलीवर पुरण रटरटत होतं. गुरुलिंग स्वामी यायचे होते. आठव्या महिन्यात पोटातल्या बाळासाठी लिंग पूजून आईच्या गळ्यात बांधायचं आणि बाळ जन्मलं की ते त्याचं, ही घराची रीत. त्यासाठीच महानंदा सासरहून आली होती. जगदेवीबाईंनी चांदीची डबी चिंचेनं घासून ठेवली होती. सुनेचं तोंड कालपासून उतरलेलं त्यांना दिसत होतं, पण ते त्यांनी पायाच्या सुजेवर घातलं होतं.

"सिस्टर हायती का?"

दारात सत्यभामाबाई उभी होती. मुंजाबाच्या पाराजवळ राहणारी, बंकटची आई. मागं तिची सून पूनम. दोघी लुगडं-साडी बदलून, पिशवी घेऊन, गावाला निघाल्यासारख्या.

"या की, बसा," जगदेवीबाई म्हणाल्या. "चहा टाकते."

"बसत न्हाई, गाडीला जायचंय. सिस्टरशी दोन शब्द बोलायचे व्हते."

शिवांजली न्हाणीच्या दारातून पदराला हात पुसत आली. सत्यभामाबाई जवळ सरकली. आवाज बारीक केला, पण जन्मभर रानात हाका मारलेला तो आवाज, बारीक होऊन होऊन किती होणार?

"तुमी कुठं बघितलं, तेवढं सांगा."

"काय बघितलं?"

"आता आमच्यापासून कशाला लपवता सिस्टर. सगळ्या गावानं आइकलंय. ह्या पूनमच्या दोन पोरी तुमच्याच हातच्या. आता तिसरी खेप. बंकट ऊस घेऊन माजलगावला गेलाय, त्यो यायच्या आत काय ती खात्री करून घ्यावी म्हनलं."

"मावशी, मी तुम्हाला मागच्याच महिन्यात सांगितलं होतं—"

"सांगितलं व्हतं की! गुन्हा हाय म्हनलात. आमी आइकलं, गप बसलो. आमाला काय ठाऊक, गुन्हा आमच्यासाठीच हाय म्हनून." सत्यभामाबाई हसली. त्या हसण्यात वैर नव्हतं, उलट समजूतदारपणा होता, आणि तोच शिवांजलीला सोसेना. "आमाला दुसरा एकजन कळलाय, पर त्यो लबाड हाय म्हनत्यात. तुमचा खात्रीचा असंल."

"आम्ही कुठंही काहीही बघितलेलं नाही," शिवांजली म्हणाली.

"बरं, बरं. नका सांगू." सत्यभामाबाईनं पिशवी उचलली. "आमच्या जिवाचा घोर तुमच्या जिवाला कावून. चल गं."

पूनम सगळा वेळ स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होती. जाताना तिनं एकदाच मान वर करून सिस्टरकडे पाहिलं. खरं काय आणि खोटं काय, हे विचारायचंही जिला धाडस नाही, अशा माणसाचं ते बघणं होतं.

जगदेवीबाईंचं पुरण खाली लागलं. वास आला तरी त्या उठल्या नाहीत. लपवून ठेवलेली एक गोष्ट आपल्याच चुलीपुढं येऊन कुणीतरी नाव घेऊन मागावी, तसं त्यांना झालं होतं. घरात एवढे महिने ज्याला 'आनंदाची बातमी' म्हटलं, त्याचं बाहेर नाव हे होतं.

*

देवळातून आप्पा आले ते कालचा गजर गुणगुणत. कपाळाला भस्माचे ताजे पट्टे, हातात खडीसाखर.

"घ्या गं पोरींनो, परसाद." त्यांनी नातींच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि मग सुनेपुढं हात केला. "शिवांजली, घे बाई."

तिनं हात पुढं केला नाही.

"आप्पा, काल तुम्ही पक्कं म्हणालात. कशावरून?"

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. जगदेवीबाई लगबगीनं मधे पडल्या. "अगं, आनंदात बोलून गेले. म्हाताऱ्या मानसाची जीभ ती. तू कशाला एवढं मनावर घेती? अशा दिवसांत—"

"आत्या, मी त्यांना विचारलंय."

"मला... विशूनं सांगितलं," आप्पा म्हणाले. "म्हंजे हिला सांगितलं, हिनं मला. तुमी दोघांनी बघून घेतलं म्हनून. कुनाला बोलू नका म्हनला व्हता. म्या एवढे महिने न्हाई बोललो कुनाला. पर काल बुवांनी असं काय आळवलं गं, की राहवलंच न्हाई."

महानंदा न सांगता उठली आणि पुढच्या दुकानातून भावाला घेऊन आली. विश्वेश्वरच्या बोटांना गूळ चिकटलेला होता. त्यानं चौघांची तोंडं पाहिली. काय विचारणार हे त्याला कळलं.

"तुम्ही यांना सांगितलंत?" शिवांजली म्हणाली.

"सांगितलं." त्यानं बोटं धोतराच्या जुन्या फडक्याला पुसली, पुसतच राहिला. "खोटं सांगितलं."

"खोटं?" हे आप्पा म्हणाले. एवढ्या बारीक आवाजात त्यांना बोलताना घरानं कधी ऐकलं नव्हतं.

"आई पूड आणत होती आप्पा. पोरगा होतो म्हणून देतात ती. दुधात घालून हिला द्यायची. एकदा मी बघितलं. ओतून दिलं तर म्हणाली, उद्या परत आणते. भांडलो तरी ऐकेना. मग म्हणलं, आता पूड कशाला, आम्ही बघून आलोय, पोरगाच आहे. त्या दिवसापासून पूड बंद झाली."

"देवाची व्हती ती पूड," जगदेवीबाई म्हणाल्या.

"देवाची व्हती तर लपवून कशाला दिली, आई?" महानंदा म्हणाली.

एरवी वहिनीच्या स्वयंपाकात मीठ शोधणारी ही लेक. नोकरीवाली सून आल्यापासून आईच्या कानाशी लागून 'पगार घरात देती का' विचारणारी. ती आज तिकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली, हे जगदेवीबाईंना पुरणापेक्षा जास्त करपवून गेलं.

"तू गप! तुझ्या दोन खेपंला मी कुठली पूड आनली न्हाई, म्हनून तर आज..."

त्यांनी वाक्य गिळलं. पण गिळायला उशीर झाला होता. उंबऱ्यात महानंदाची थोरली उभी होती, गालात खडीसाखर धरून. ती चघळायची थांबली. तिला सगळं कळलं नसेल, पण आपल्याबद्दल काहीतरी बोलणं झालं आणि ते चांगलं नव्हतं, एवढं कळायला वय लागत नाही.

महानंदानं तिला जवळ ओढलं. मग ती बापाकडे वळली.

"आप्पा, ह्या दोघींच्या वेळंला महाप्रसाद कुनाच्या नावानं घातला व्हता तुमी?"

आप्पांच्या हातातली खडीसाखर ओली होऊन चिकटत होती. "तवा... तवा सप्ताह व्हता का गं?"

"दोन्ही वेळंला व्हता."

विश्वेश्वर बायकोला म्हणाला, "माझी चूक झाली. दुसरं काही सुचलं नाही मला."

"मला सांगायचं होतं. पूड मी स्वतः बंद केली असती. रोज दहा घरी जाऊन बंद करते, आपल्या घरात केली नसती?" शिवांजलीचा आवाज चढला नव्हता. तिला घाम आला होता, म्हणून ती खांबाला टेकली. "आणि पोटात मुलगी निघाली असती तर काय सांगणार होता?"

"बघणारा चुकला म्हणलो असतो."

"म्हणजे जन्मल्या दिवशी तिला घरात 'चूक' म्हणाले असते."

विश्वेश्वर पुन्हा फडक्याला बोटं पुसू लागला.

"आज मी लिंग बांधून घ्यायला बसणार नाही," ती म्हणाली.

"अगं, असं कसं!" जगदेवीबाई घाबरल्या. "स्वामी वाटंत असतील. लिंगाचा अपमान—"

"लिंग बाळाचं आहे, आत्या. या घरात बाळाची कोण वाट बघतंय? सगळे नातवाची बघतायत. ते आधी नीट होऊ द्या." तिनं श्वास घेतला. "पण ते राहू दे. सत्यभामा मावशी पूनमला घेऊन गाडीला गेलीय. मी बोलले तर आता ती हसते. आज पूनम तिथं जाऊन जे काही करून येईल ना आप्पा, ते माझ्या नावावर."

"दुसऱ्याच्या घरचं आपन काय करनार बाई," जगदेवीबाई पुटपुटल्या. त्यांचा त्यांनाच तो बोल लटका वाटला.

"ते आपल्याच घरातून गेलंय. भोंग्यावरून."

*

स्वामी आले तेव्हा आप्पा देवघरात पाठ करून बसले होते. शरणार्थ म्हणून नमस्कार करायला उठले, पाय धुतले, आसन दिलं. सगळं हातांना पाठ होतं, म्हणून झालं. घरातल्या बायका आत होत्या. विश्वेश्वर दुकानात जाऊन, गिऱ्हाईक नसताना, तागडी पुसत बसला होता.

गुरुलिंग स्वामी आप्पांच्याच वयाचे. त्यांनी झोळीतून लिंग काढलं, पानावर ठेवलं.

"भोंगा आमच्या मठापर्यंत येतो," ते म्हणाले.

आप्पांच्या मनात होतं की स्वामींनी काहीतरी गोड बोलावं. आनंद झाला म्हणून बोललात, त्यात काय, देव भावाचा भुकेला, असं काही. एवढी वर्षं कीर्तनात हेच तर ऐकलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. पोराचं खोटं, पूड, सत्यभामाबाई, सगळं.

"म्या स्वतः काय केलं न्हाई स्वामी," शेवटी ते म्हणाले. "मला नुसता आनंद झाला."



आणि हे बोलता बोलता त्यांना ती संध्याकाळ आठवली. जगदेवी दुकानात येऊन कानाशी सांगून गेली होती, आणि त्यांनी गल्ल्यावरच्या महादेवाच्या तसबिरीला हात जोडले होते. सून गुन्हा करून आली, हे ऐकून. पोटातलं लेकरू उजेडात धरून बघितलं, हे ऐकून. हात जोडले. 'कशाला बघितलं?' असं त्यांनी विचारलं नव्हतं. बघतात कशासाठी, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुलगी निघाली असती तर पोरगा आणि सून काय करणार होते, हा प्रश्न एवढ्या महिन्यांत त्यांच्या मनाच्या दारापर्यंतही आला नव्हता. आलाच असेल, तर त्यांनी दार उघडलं नव्हतं. आणि रोज संध्याकाळी टाळ घेऊन पहिल्या रांगेत ते उभे राहिले होते.

"स्वामी," ते म्हणाले, "खोटं निघालं म्हनून माझी अब्रू गेली न्हाई. खरं मानून हात जोडले, तवाच ती गेली व्हती."

स्वामींनी मान हलवली. होय का नाही, ते आप्पांना कळलं नाही. त्यांनी पानावरचं लिंग पुन्हा वस्त्रात गुंडाळलं.

"आपण हे जन्माच्या आधी बांधतो, आप्पा. बघून बांधत नाही. मी थांबतो. तुम्ही जाऊन या."

आप्पांनी आतल्या दाराशी जाऊन घसा साफ केला. शिवांजली बाजेवर टेकली होती, महानंदा तिचे सुजलेले पाय चेपत होती. आप्पा दारातच थांबले. आत जायची त्यांना सोय राहिली नव्हती.

"गाडी गेली नसंल अजून," ते म्हणाले. "मी बघून येतो. दुपारी मांडवात बी सांगतो."

"मांडवात नंतर सांगा," शिवांजली म्हणाली. "मांडवात तुम्हाला बोलता येतं."

*

स्टँडची वाट बाजारातून जाते. बांगड्यांच्या दुकानात गौसियाभाबी काच पुसत होती. आप्पांना बघून ती उठून उभी राहिली.

"मुबारक हो आप्पा! कल सुना हमने. पोता! मिठाई कधी?"

एरवी आप्पा थांबले असते, दोन गोष्टी बोलले असते. आज त्यांनी हात जोडले आणि पाय उचलला. मागून भाबी कुणाला तरी म्हणाली, "घाईत आहेत बिचारे, घरात खुशी आहे ना." ते त्यांच्या पाठीला चिकटून स्टँडपर्यंत आलं.

सत्यभामाबाई आणि पूनम शेडखाली बाकावर होत्या. गाडी अजून यायची होती.

आप्पा समोर जाऊन उभे राहिले. चालता चालता त्यांनी मनात जुळवाजुळव केली होती. जन्मभर ऐकलेल्या कीर्तनांतलं काहीतरी सांगू, एखादा दृष्टांत, ज्यानं बाईचं मन विरघळेल. पण तोंड उघडलं तेव्हा एकही आठवेना.

"आमी काय बघितलं न्हाई," ते म्हणाले. "सिस्टर खरं बोलली."

"बसा आप्पा," सत्यभामाबाईनं बाकावर जागा केली. "उगं कशाला पायपीट. आमी कुनाकडं नाव घेणार न्हाई तुमचं."

"नाव घ्या. पर खरं आइका. पोरानं आमाला खोटं सांगितलं. पोरगाच हाय म्हनला. आन मला ते गोड लागलं."

"पोरगं बापाशी असलं खोटं कावून बोलंल?"

"घरात आमी त्याला दुसरं काय बोलूच दिनासं झालतो."

सत्यभामाबाईनं मान झटकली. "असंल. पर आप्पा, तुमाला खरं वाटलं तवा तुमी लाजलाव न्हाई. गावापुढं हासून सांगितलं. मग आमी गरिबानं कावून लाजायचं?"

"तेच सांगायला आलोय. मी लाजलो न्हाई. लाजायला पायजे व्हतं."

ती पदरानं वारा घेत राहिली. पलीकडे दोन प्रवासी कान देऊन उभे होते. आप्पांना ते दिसले. आवाज कमी करावासा वाटला, पण केला नाही.

"आप्पा," पूनम म्हणाली.

तिचा आवाज त्यांनी आजवर कधी ऐकलाच नव्हता. दुकानात येई, चहापत्ती-साखरेकडे बोट दाखवी आणि जाई.

"सिस्टरला पोरगी झाली तर काय करनार व्हतात?"

काय वाटेल ते सांगता आलं असतं. लक्ष्मी म्हणता आलं असतं.

"तोंड बारीक केलं असतं," आप्पा म्हणाले. "माझ्या लेकीच्या दोन्ही पोरींच्या वेळंला केलतं."

"त्या पोरींना कळतं का?"

"आज कळलं वाटतं. थोरली दारातच उभी व्हती."

पूनम पुन्हा पायाच्या बोटांकडे बघू लागली. "माझ्या पोरींना रोज कळतं," ती म्हणाली.

सत्यभामाबाईचा वारा घेणारा हात थांबला. सुनेनं टोमणा मारला होता का, हे तिला ठरवता येईना. तिनं पूनमकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात गाडी आली.

धूळ बसायच्या आत लोक दाराशी झोंबले. सत्यभामाबाई सवयीनं उठली, पिशवी पुढं टाकून गर्दीत शिरली, एक पाय पायरीवर ठेवून तिनं मागं हाक मारली.

"ऊठ गं! जागा जाती."

पूनम बाकावरून हलली नाही.

"ऊठ म्हनते ना!"

"न्हाई आत्या."

एवढंच. मोठ्यानंही नाही. पण सासूच्या हाकेला नाही म्हणणारी सून स्टँडवर रोज दिसत नाही, म्हणून चढणारी माणसंसुद्धा थांबून बघू लागली. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "मावशी, चढता का उतरता? दारात राहू नका!"

आप्पा मधे काही बोलले नाहीत. हे त्यांना आयुष्यात फार थोड्या वेळा जमलं होतं.

सत्यभामाबाई उतरली. पिशवी आत गेली होती, ती कुणीतरी हातोहात बाहेर दिली. गाडी निघून गेली. ती येऊन सुनेशेजारी न बसता तिच्यापुढं उभी राहिली. तिच्या तोंडावर राग होता, आणि रागाखाली भीती. ती भीती आप्पांनी ओळखली. घरी जाऊन पुरुषांना काय सांगायचं, याची ती होती. जगदेवीच्या तोंडावर ती त्यांनी चाळीस वर्षं पाहिली होती, आणि ती कुणाची भीती आहे हे कधी विचारलं नव्हतं.

"घरी म्हातारा वाट बघत बसलाय," ती आप्पांवर ओरडली. "रात्री बंकटचा फोन यील. त्यांला म्या काय सांगू? तुमचं काय, तुमी बोलून मोकळे! काल बी मोकळे, आज बी मोकळे!"

"मी येतो. म्हाताऱ्याला मी सांगतो."

"यिऊन काय करताल? कीर्तन?"

"न्हाई. जसं झालं तसं सांगतो. पूड, खोटं, समदं. बंकटला बी फोनवर सांगतो."

"म्हातारा हासंल तुमाला. उद्या गावभर सांगंल."

"सांगू द्या."

सत्यभामाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. भस्माचे पट्टे घामानं ओघळून भुवईपर्यंत आले होते. पूनम उठून उभी राहिली होती, एक हात पोटावर धरून.

"मग पुढं व्हा," सत्यभामाबाई म्हणाली आणि पिशवी काखेत मारली. "आमच्या दारात आधी तुमचं तोंड दिसू द्या."

वैजिनाथ आप्पा पुढं झाले. मागं त्या दोघी. वाट भर बाजारातून होती, आणि त्यांच्याच दुकानावरून जात होती.